फ्रान्सआधीची फुजैरा

जूनमध्ये मी दहा दिवस फ्रान्सला जाऊन आले. परतल्यावर ऑफिसात सगळ्यांनी पॅरिसबद्दल विचारलं, चीजबद्दल विचारलं, तिथले लोक खरंच तुसडे असतात का ते विचारलं. मी जमतील तशी उत्तरं दिली. पण त्या प्रवासातला अवघड भाग फ्रान्समध्ये नव्हताच. तो इथे होता, दुबईतल्या अल कुसैसहून दीड-दोन तासांवर, फुजैराच्या किनाऱ्यावर, ईदच्या सुट्टीतल्या चार दिवसांत. दुबई पाहायला येणारे बहुतेक जण त्या बाजूला फिरकत नाहीत. म्हणून तेच लिहिते.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी फिलोमिना, वसईजवळच्या भुईगावची. देरातल्या एका हॉटेलात पंचवीस वर्षं रिझर्व्हेशनला आहे. लग्न केलं नाही. अल कुसैसला चौथ्या मजल्यावर एका खोलीचा फ्लॅट आहे, आणि त्याच मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडच्या दारात, नऊ वर्षं हसीना राहत होती.

हसीना श्रीवर्धनची. नवरा इक्बाल कार्गो कंपनीत, मुलगा झैद इथल्या शाळेत. आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून तिने थेट विचारलं, "हा पक्ष्यांना चालतो काय गो?" या इमारतीत मराठी ऐकून मला इतकं नवल वाटलं, की आमचा मजला आला तरी दोघीही बोलत उभ्या राहिलो आणि लिफ्ट आम्हाला घेऊन परत खाली गेली. महिन्याभरात तिनेही कॅमेरा घेतला. तेव्हापासून माझा वीकली ऑफ आणि तिची सवड जुळली की आम्ही पहाटे गाडी काढायचो. वाळवंटातल्या तळ्यावर रोहित पक्षी, खाडीवरच्या अब्रा म्हणजे लाकडी होड्या, शारजाचा मासळीबाजार. मी गाडी चालवायची, तिने रस्ता सांगायचा.

फ्रान्सची कल्पना तिची. दोन वर्षं आम्ही तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो प्रवास रचत होतो. कामं वाटून घेतली होती. जागा शोधायच्या तिने, सामान ठरवायचं मी. नकाशावर ती एकेक खूण करत जायची आणि त्या जागी सूर्य कुठून उगवतो, कुठे मावळतो ते लिहून ठेवायची. नॉर्मंडीचे समुद्राकाठचे पांढरे कडे, भरतीच्या पाण्यात उभा असलेला मों-सां-मिशेलचा मठ, प्रोव्हान्समधलं लव्हेंडर आणि तिथल्या खेड्यांतले आठवडी बाजार, आणि माझ्यासाठी मरियामातेचं तीर्थ लुर्ड्स. "तू मेणबत्ती लाव, मी मिरवणुकीचे फोटो काढते," ती म्हणायची. माझ्याकडे दोन कॅमेरे आणि चार लेन्स: रुंद देखाव्यांची एक, देवळा-चर्चच्या आतल्या अंधुक उजेडात चालणारी एक, माणसांच्या चेहऱ्यांची एक, आणि लांबचं जवळ आणणारी हातभर झूम. त्यात ट्रायपॉड. विमानात हातातल्या बॅगेला सात किलोची मर्यादा, आणि माझी बॅग साडेनऊ भरत होती.

हसीनाने नियम केला. "ईदला चार दिवस फुजैराला जाऊ. तिथे डोंगर हाय, समुद्र हाय, बाजार हाय, जुनी मशीद हाय. फ्रान्ससारख्या जागा घेऊन सराव करू. चार दिवसांत जी लेन्स दोनदा बॅगेतून निघणार नाय, ती घरी राहील." फेब्रुवारीतच मी आमच्या स्टाफ रेटमध्ये फुजैराचं हॉटेल बुक करून टाकलं.

मार्चमध्ये इक्बालभाईंची कंपनी बंद झाली. ते माझ्या दारात उभे राहिले आणि एकच शब्द बोलले, "खलास." नोकरी गेली की इथला रहिवासही जातो, हे इथल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि तरी कोणी ते मनात धरून जगत नाही. व्हिसासाठी आम्ही दोघींनी बरोबर अपॉइंटमेंट घेतली होती. हसीनाने तिची रद्द केली. मी माझीही करत होते, तर तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला. म्हणाली, "तू जायचं. माझ्यापायी थांबलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाय."

एप्रिलमध्ये ते श्रीवर्धनला गेले. विमानतळावर मी रडले तेव्हा झैदने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "इट्स ओके आंटी, वी विल व्हिडिओ कॉल." पहिले दोन आठवडे खरंच बोललो. मग हसीना फोन उचलेनाशी झाली. मी काही पाठवलं की एक बदाम यायचा, नुसता लाल बदाम. पुढे पुढे तोही येईना. मी तिच्याशिवाय फ्रान्सला जाणार म्हणून ती बोलत नव्हती की दुसरंच काही होतं, ते काही मला कळेना. फुजैराचं बुकिंग रद्द करायचं राहून गेलं, आणि ईद आली.

पहिला दिवस: मसाफी

शारजा मागे पडून धैद ओलांडलं की वाळूचा रंग बदलतो. पिवळी वाळू लाल होते, मग अचानक संपते आणि समोर हजरचे डोंगर उभे राहतात. या डोंगरांवर गवताचं पातं नाही. आपल्याकडचा डोंगर उन्हाळ्यात कितीही भाजला तरी त्याला कुठेतरी करवंदाची जाळी असते. इथे सोलून ठेवल्यासारखा नुसता दगड. या रस्त्यावर हसीना मला गाडी थांबवायला लावायची, दर दहा मिनिटांनी. या वेळी मी एकदाही न थांबता मसाफीला पोचले.

मसाफीला रस्त्याच्या दोन्ही कडांना बाजार आहे. गालिचे, मातीची मडकी, कुंड्यांतली झाडं आणि फळं. नाव शुक्रवारचा बाजार, पण तो रोज भरतो. प्रोव्हान्सच्या बाजारांचा सराव इथे करायचा होता, म्हणजे माणसांचे चेहरे. मी चेहऱ्यांची लेन्स लावली आणि गालिच्यांच्या ओळीतून चालू लागले. एक म्हातारा पठाण गालिच्यांच्या ढिगावर बसून कलिंगड खात होता. दाढी पांढरी, कलिंगड लाल, मागे निळा गालिचा. असा फोटो समोर बसून राहिलेला, आणि मी त्याच्यासमोरून तीनदा गेले. तिन्ही वेळा कॅमेरा खालीच राहिला.

तेव्हा लक्षात आलं की नऊ वर्षांत मी कोणाला फोटोसाठी विचारलंच नव्हतं. विचारायची ती. ती जाऊन माणसाशेजारी बसायची, गाव विचारायची, मुलं किती ते विचारायची, आणि माणूस हसला की मी बटण दाबायचे. माझ्या ज्या चित्रांची लोक तारीफ करतात, त्या सगळ्यांत माणूस कॅमेऱ्याच्या थोडं डावीकडे बघतोय. डावीकडे हसीना असायची.

फळवाल्याकडे गेले. तो बांगलादेशी, आम्ही आधी दोनदा त्याच्याकडून आंबे नेलेले. "मॅडम, आज अकेली? आपकी बहन नहीं आई?"

"वो इंडिया गई," मी म्हटलं.

"छुट्टी?"

मी मान हलवली. ती हो होती की नाही ते मलाही सांगता येणार नाही. त्याने इथल्या डोंगरातले छोटे आंबे पेटीत भरले. पंचवीस दिरहॅम, म्हणजे सहाशे रुपये, असा हिशेब सवयीने तोंडातून निघाला आणि ऐकायला शेजारी कोणी नव्हतं. "बहन के लिए," म्हणत त्याने दोन आंबे वर टाकले. मी लेन्स काढून बॅगेत ठेवली. तिने काहीही टिपलं नव्हतं.

हॉटेलात काउंटरवरच्या फिलिपिनो मुलीने हसून दोन चाव्या, नाश्त्याची दोन कूपनं आणि दोन थंड टॉवेल पुढे केले. "युअर फ्रेंड इज पार्किंग?" रोज असे शंभर पाहुणे हाताळणारी मी, "शी इज कमिंग लेटर," असं म्हणून मोकळी झाले. खोलीत दोन पलंग. एकावर मी झोपले, दुसऱ्यावर सामान मांडलं.

दुसरा दिवस: बिदिया

फुजैराहून उत्तरेला समुद्राच्या कडेने रस्ता जातो. उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत खजुराच्या बागा. खोरफक्कान ओलांडलं की बिदिया. इथली मशीद शेकडो वर्षांची आहे, माती आणि दगडाची, एखाद्या घराएवढी. वर चार बुटके घुमट, आत मधोमध एकच खांब, सगळा भार त्याच्यावर. नमाजाच्या वेळा सोडून बाहेरच्यांना आत जाता येतं. दारावरच्या राखणदाराने मला अंगभर काळा झगा आणि डोक्याला रुमाल दिला. ट्रायपॉड बघून म्हणाला, "हबीबी, धिस नो." ट्रायपॉड चपलांशेजारी ठेवला.

आत इतका गारवा होता की बाहेरचं बेचाळीस डिग्रीचं ऊन खोटं वाटावं. भिंतींत छोटे कोनाडे, कोनाड्यांत कुराणाच्या प्रती. झरोक्यांतून उजेडाचे तुकडे आत येऊन गालिच्यावर पडले होते. चर्चमधल्या अंधुक उजेडासाठी जी लेन्स ठेवली होती तिने इथे कमाल केली. चार-पाच चित्रं चांगली निघाली. त्या लेन्सची जागा फ्रान्सच्या बॅगेत पक्की झाली.

मग मी खांबाला टेकून बसले. हसीना असती तर तिने दोन रकात नमाज पढला असता आणि तोवर मी तिचा कॅमेरा धरून बाहेर थांबले असते. उलट, दुबईच्या चर्चमध्ये नाताळच्या मिस्साला ती माझ्याबरोबर यायची आणि शेवटच्या बाकावर माझी पर्स सांभाळत बसायची. कोणाच्या देवासमोर काय करायचं हे आम्ही कधी बोलून ठरवलं नव्हतं. त्या गारव्यात बसून मी मनातल्या मनात 'नमो मरिये' ही प्रार्थना म्हटली, माझ्या आईने शिकवली तशी. म्हणून झाल्यावर माझी मलाच भीती वाटली की इथे हे चालतं का. राखणदार दारात उभा राहून फोनवर कोणाशी तरी हसत होता.

जेवायला रस्त्याकडेच्या मल्याळी हॉटेलात गेले. मासळीचं ताट मागवलं. वेटर म्हणाला, "फॅमिली रूम खाली है, मॅडम." पडदा लावलेल्या त्या चौघांच्या खोलीत मी एकटी जेवले. सुरमई ताजी होती. आमच्याकडे असतं तसं आंबट त्यात नव्हतं, नारळाचं दूध होतं. दिवसभरात मी पाच वाक्यं बोलले असेन, आणि त्यातली दोन बिलाची.

तिसरा दिवस: कल्बा

मों-सां-मिशेलबद्दल हसीनाने टिपून ठेवलं होतं की ओहोटीला मठाभोवती मैलोगणती चिखलाची वाळू उघडी पडते, आणि चित्र त्या वाळूत उतरूनच घ्यायचं. तसा चिखल फुजैराच्या दक्षिणेला कल्ब्याच्या खोराला आहे. खोर म्हणजे समुद्राची आत शिरलेली खाडी. काठाने खारफुटी, आपल्याकडची तिवरं असतात तशीच. वास थेट वसईच्या खाडीचा.

पहाटे पाचला पोचले. पाणी ओसरलेलं, चिखलावर आभाळ पडलेलं, लांबवर तिवरांची काळी रेघ. मी खोराच्या तोंडाशी, राखीव भागाच्या कुंपणाच्या अलीकडे उतरले. चपला गाडीत, फोनही गाडीत. खांद्यावर ट्रायपॉड, गळ्यात कॅमेरा. पहिली पन्नास पावलं घोट्यापर्यंत चिखल होता. मला अजून थोडं पुढे हवं होतं. खाडीच्या गावात जन्मलेल्या बाईने असं करू नये, पण मी गेले. सूर्य वर आला, मी रुंद लेन्सने वीसेक फोटो काढले, फार खूश होते. वळायला गेले तर उजवा पाय निघेना. डाव्यावर जोर दिला, तो गुडघ्यापर्यंत गेला.

पाणी चढायला लागलं होतं. आवाज न करता, चिखलातल्या बारीक चरांतून ते येत होतं. आधी मी शांत होते. मग ट्रायपॉडवर रेलून पाय ओढायला गेले आणि ट्रायपॉडच आत शिरला. ओरडले, आधी "हेल्प" म्हणून, मग "कोई है" म्हणून. कोणी नाही. पाणी मांडीला लागलं तेव्हा तोंडातून आपोआप निघालं, "आई गं! वाचवा कोणी!"

आणि तिवरांच्या बाजूने आवाज आला, "हलू नको बाय! आजिबात हलू नको!"

लुंगी खोचलेला, पांढऱ्या दाढीचा माणूस एका हातात मासळीच्या थर्माकोलच्या पेटीचं झाकण घेऊन चिखलातून येत होता. धावत नव्हता. झाकण पुढे टाकायचं, त्यावर गुडघा टेकायचा, मग पुढे.

"ती काठी सोड आधी!"

"ट्रायपॉड आहे तो!"

"असू दे गो! काठीच्या नादात बुडशील. सोड आणि पालथी पड. पोहतीस तशी पड."

मी कॅमेरा डोक्यावर धरला आणि पालथी पडले. त्याने झाकण माझ्या छातीखाली सरकवलं, काखेत हात घातला आणि हळूहळू, चिखलाला न दुखावता ओढावं तसं मला ओढून घेतलं. दहा मिनिटं लागली असतील. काठावर आल्यावर मी तिथेच बसले, आणि तो माझ्याकडे न बघता गळाची दोरी गुंडाळत होता, मला सावरायला वेळ मिळावा म्हणून.

"कुठली तू?"

"वसई."

"मी राजिवड्याचा. रत्नागिरी." मग हसला. "एकतीस वर्षं मी या खोरात गळ टाकतोय, कोणी 'आई गं' म्हणून ओरडलेलं आजच ऐकलं."

त्यांचं नाव दाऊदकाका. बंदरात उभ्या असलेल्या जहाजांना भाजीपाला, पाणी, सामान पोचवणाऱ्या बोटीवर ते सुपरवायझर होते. मी नको नको म्हणत असताना त्यांनी मला घरी नेलं. त्यांच्या बायको रुकय्याचाची यांनी दार उघडलं, मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाल्या, "ईदला पाव्हणी आली ती चिखलातनं आली. चल, न्हाणी इकडं हाय." न्हाऊन त्यांचा ढगळ गाऊन घालून मी बाहेर आले तर टेबलावर मटणाचं सालन, तांदळाची भाकर आणि सांदण वाढलेलं होतं. तांदळाचं ते पांढरंशुभ्र, गोडसर, मऊ सांदण मी हसीनाच्या घरी दर ईदला खायचे. पहिला घास घेतला आणि मला रडू आवरेना. काकांना वाटलं चिखलाची भीती बाहेर पडतेय. ते उठून बाल्कनीत गेले.

रुकय्याचाची बसून राहिल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. हसीना, फ्रान्स, न उचललेले फोन. शेवटी म्हटलं, "मी काही चुकले का, तेच कळत नाही. मी जातेय म्हणून तिला राग आला असेल."

"राग नाय गो," त्या म्हणाल्या. "मागे ह्यांचं काम गेलं व्हतं, तवा आम्ही दोन वर्षं राजिवड्याला व्हतो. हितली माझी मैत्रीण फोन करायची. केरळची, लय जीवाची. मी नाय उचलायची. का? ती विचारणार, कशी हायस? मी काय सांगू? बरी हाय म्हटलं तर खोटं. बरी नाय म्हटलं तर तिला तिथं बसून काय करता येणार? आणि तिच्या फोनमधनं मागं एसीचा आवाज यायचा बघ, घुर्र घुर्र. तो ऐकला की मला माझं हितलं घर दिसायचं. माणूस फोन ठेवून देतं."

"मग काय करायचं तिने?"

"तिनं विचारायचं नव्हतं, सांगायचं व्हतं. काम सांगायचं मला. अमकं कसं करायचं, तमक्यात मीठ किती. मी उचलला असता."

"आता बोलता का तुम्ही दोघी?"

चाचींनी माझ्या ताटात अजून एक सांदण ठेवलं. "आम्ही परत आलो तवर तीच गेली व्हती केरळला. तिचा नंबर बदललेला."

हॉटेलवर आले तेव्हा दुपार टळली होती. ट्रायपॉड खोराने ठेवून घेतला होता, म्हणजे दीड किलो तसंही कमी झालं. तरी बॅग आठ भरत होती. मी पलंगावर बसून हसीनाला लिहिलं. आधी लिहिलं, 'आज मी मरता मरता वाचले.' ते पुसलं. 'तुझी आठवण येते.' तेही पुसलं. मग लिहिलं: 'ट्रायपॉड गेला. बॅग आठ किलो. नॉर्मंडीच्या कड्यांना झूम लागेल की चेहऱ्यांची लेन्स नेऊ? एकच जाईल. तू जागा बघितल्यास, तूच सांग.'

तिने वाचल्याची खूण दिसली. उत्तर आलं नाही.

चौथा दिवस: फुजैरा

पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो. आम्ही दुबईचे लोक समुद्रात तो मावळताना बघतो, त्यामुळे इथे कोणीतरी दिवस उलटा लावलाय असं वाटतं. मी पहाटे बंदराजवळच्या दगडांवर जाऊन बसले. समोर क्षितिजापर्यंत जहाजं उभी होती, तेल भरायला थांबलेली, प्रत्येकावर एकदोन पिवळे दिवे अजून जळत होते. महिना महिना ती तशी थांबतात, दाऊदकाका सांगत होते. माणसं आत असतात, किनारा दिसत असतो, उतरायची परवानगी नसते.

फोन वाजला. हसीना.

"झूम सोड," ती म्हणाली. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "कड्यावरनंच वाट हाय, लांबनं बघायचं काय कामच नाय तिथं. चेहऱ्यांची ने."

"चेहरे मला जमत नाहीत गो. मसाफीला विचारताच येईना कोणाला."

"नाव विचार आधी. नाव विचारलं की माणूस बसतो. फोटोचं मग बोलायचं."

"फ्रेंचमध्ये?"

"तुझं नाव सांग. फिलोमिना ऐकून ते हसतील, त्यांच्याकडं असतं तसलं नाव." तिच्यामागे कावळे ओरडत होते, कोणीतरी हापशी मारत होतं. माझ्या बाजूला एसी नव्हता, लाटा होत्या. बरं वाटलं त्याचं.

"तुझा कॅमेरा काढतेस की नाही?" मी विचारून बसले.

हापशीचा आवाज लांब गेला. मग म्हणाली, "विकला तो. निघायच्या आधीच, शारजातल्या रोल्लाच्या एका दुकानात. तुला सांगितलं नाय. तू घेऊन परत आणून दिला असतास म्हणून नाय सांगितलं."

 तीच पुढे बोलली, "म्हणून तुझे फोटो बघवत नव्हते गो. अजूनपण नको पाठवूस. फ्रान्सचे तर आजिबात नको."

"मग काय करू?"

"सांग. बघ आणि सांग मला. आत्ता कुठं हायस?"

"फुजैराला. दगडांवर."

"काय दिसतंय?"

मी कॅमेरा गळ्यातून काढून बाजूला ठेवला. सांगायला लागले. पाणी शिशासारखं, वर तांबूस. जहाजं मोजली, एकवीस. सर्वांत जवळच्या जहाजावर कोणीतरी दोरीवर कपडे वाळत घालतंय, एक नारिंगी, दोन पांढरे. सूर्याची कड आता आली, नाही, अजून नाही, हां, आली. नऊ वर्षं मी बघत होते आणि बोलत होती ती. शब्द चाचपडत येत होते. ती मधेच अडवायची, "तांबूस म्हणजे? विटेसारखं की डाळिंबासारखं?" मला परत बघावं लागायचं.

आणि फ्रान्स

एक कॅमेरा, तीन लेन्स, सहा किलो आठशे. पॅरिसमध्ये पाऊस होता. लुर्ड्सला मी मेणबत्ती लावली आणि मिरवणुकीचा एकही फोटो काढला नाही. प्रोव्हान्सच्या बाजारात चीज विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला नाव विचारलं, त्याने सांगितलं ते मला उच्चारता येईना, त्यावर तो हसला, आणि त्याचं चित्र मिळालं. तो थेट माझ्याकडे बघतोय. बाकी दहा दिवस प्रत्येक हॉटेलात एका माणसाचं टेबल मागितलं, आणि प्रत्येक ठिकाणी समोरची दुसरी प्लेट उचलून नेली गेली. त्याची सवय होत नाही.

शेवटी नॉर्मंडी. कडे खडूसारखे पांढरे, खाली हिरवं पाणी, वारा असा की उभं राहवत नव्हतं. मी हसीनाला फोन लावला. श्रीवर्धनला दुपार झाली होती, तिने फोन स्पीकरवर टाकला, मागे ती कांदा चिरत असल्याचा आवाज. मी सांगत गेले. गवत कड्याच्या अगदी टोकापर्यंत आहे. दगडाची कमान पाण्यात उतरलेली आहे, वाकून पाणी पिणाऱ्या हत्तीसारखी. तिच्यापुढे वाट वळते.

"वळणाच्या पलीकडं काय हाय?" तिने विचारलं.

"इथून दिसत नाही."

कांदा चिरायचा आवाज थांबला.

"मग जा की गो," हसीना म्हणाली. "मी हाय फोनवर."

मी चालू लागले.